अर्ध्या तासाचं निशाण

रवि. ३ जाने. १९३२

सभेची बैठक, रावसाहेबांच्या माडीवर, शुक्रवार पेठ. हजर नऊ, जागे सहा. ठराव एकच : उन्हाळ्यात नळाला तासभर जादा पाणी सुटावं अशी सरकारास विनंती. 'विनंती' की 'नम्र विनंती' यावर वीस मिनिटं. बापूराव वकिलांनी 'सविनय' सुचवला आणि स्वतःच दचकले, तो शब्द हल्ली माणसाला तुरुंगात नेतो. 'नम्र' मंजूर झाला.

मग अध्यक्षांनी, म्हणजे रा.सा.नी, घसा साफ केला. "गोपाळराव, वही मिटा."

मिटली. बारा वर्षं चिटणीस आहे, बारा वर्षं मिटतोय. कार्यवृत्ताची नक्कल दर तिमाहीला डेप्युटीसाहेबांकडे जाते, तेव्हा वही उघडी असेतो आम्ही राजनिष्ठ. मिटली की सगळ्यांच्या अंगात वीरश्री संचारते. डॉक्टर तर बाह्या सारतात. मिटल्यावर जे बोललं जातं ते मी घरी येऊन या दुसऱ्या वहीत उतरवतो. का, ते ठाऊक नाही. कुठेतरी थुंकावं लागतं.

आजचा विषय निशाण. गावात आपल्याला 'जी हुजूर सभा' म्हणतात, दोन सभासद पलीकडच्या, जहाल गटात गेले, परवा रा.सा.च्या टांग्यामागे कुणीतरी बैलासारखं हंबरलं. तेव्हा आपणही देशाचेच आहोत हे दाखवायला संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात तिरंगी निशाण लावायचं. एकमताने. टाळ्या वाजवणार होते, पण खिडकी उघडी होती.

लगेच भीती. समारंभाचे पाहुणे डेप्युटीसाहेबच, साडेसहाला. त्यात नवे वटहुकूम येणार अशी हवा. बापूरावांनी तोडगा काढला : साडेपाचला लावायचं, गीत म्हणायचं, सहाला उतरवायचं.

"म्हणजे अर्धा तास स्वराज्य," मी म्हणालो. सगळे हसले. रा.सा. सर्वांत मोठ्याने. मी टोचायला म्हणालो होतो, पण म्हणताना मीही हसत होतो, त्यामुळे कुणाला टोचलं नाही.

निशाण करून कोण देईल? मी म्हणालो, एक हातमागवाला आहे माझ्या ओळखीचा.

बुध. ६ जाने.

वटहुकूम आले. समारंभ तसाच, निशाणही तसंच, असं रा.सा.नी चिठ्ठीने कळवलं. खाली 'चिठ्ठी फाडावी' असं लिहून. फाडली.

संध्याकाळी नरसय्याकडे. आमच्या परसामागची गल्ली, साखर पेठेच्या टोकाला. सौ.ची सगळी लुगडी त्याच्या मागावरची. घरात तेलुगू, बाजारात मराठी, बोलतो दोन्ही कमीच. त्याचे अर्ज मी लिहून देतो, सहीच्या जागी तो अंगठा उठवतो. आज मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसला होता.

"कुनाला पायजे?"

"सभेला. पण कुठे बोलायचं नाही."

"लावायचं हाय न्हवं?"

"हो."

"मग लावल्यावर दिसंल की सगळ्यास्नी."

याला काय सांगणार. डॉक्टरांचा निरोपही दिला : केशरी जरा फिकट असावा, डोळ्यांवर न येणारा. नरसय्या हसला नाही. बायकोला तेलुगूत काहीतरी म्हणाला आणि ती, लक्ष्मव्वा, आत जाऊन हसली. पैशाचं विचारलं तर "देशाचं हाय, सुताचे द्या" एवढंच म्हणाला.

शनि. ९ जाने.

निशाण तयार. तीन पट्टे शिवून जोडलेले नाहीत, एकाच ताण्यावर विणलेत. केशरी चांगला गडद. चरखा लक्ष्मव्वेने सुईने काढलाय. आणि शेवटाला, काठाजवळ, दोन पिवळे दोरे. ही नरसय्याची खूण. इकडचे काही मागवाले कापडाच्या शेवटाला आपापली खूण घालतात, व्यापाऱ्याकडे माल बदलला जाऊ नये म्हणून. दोन पिवळे दोरे पेठेत कुणालाही दाखवले तर नरसय्याचं कापड म्हणून सांगेल.

"ही खूण यात नको होती," मी म्हणालो.

"का वो?"

"कुणी विणलं ते कळेल."

"कळू दे की. खूण न्हाई ते कापड चोरीचं असतंय, मास्तर."

उसव म्हणणं जमलं नाही. सहज विचारलं, आमच्या सभेने तुमच्या गल्लीचं काही भलं झालं का रे? धोटा दोनदा इकडून तिकडे गेला.

"झालं की. नळ आला. लई बरं झालं. पन अर्ज करताना आमास्नी कुनी इच्यारलं न्हाई. नळ गल्लीच्या त्या तोंडाला बसवला, आन बाया हितनं घागरी घिऊन तितं जात्यात."

तो अर्ज माझ्याच अक्षरातला. नळ कुठे हवा हे विचारावं, असं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. लोकांचं हित आम्हाला लोकांपेक्षा जास्त कळतं, हा आमचा पाया. त्यावर सगळी माडी उभी आहे.

शुक्र. १५ जाने.

सिद्धेश्वराची जत्रा. काठ्यांची मिरवणूक पाहायला डॉक्टरांबरोबर उभा होतो. चार पुरुष उंचीच्या काठ्या, घामाने निथळणारी माणसं, रस्ता भरून गर्दी. डॉक्टर म्हणाले, "केवढी श्रद्धा!" मी म्हणालो, "कुणी येणार म्हणून मध्येच उतरवत नाहीत, हे पाहिलंत का?" डॉक्टरांनी आधी मागे पाहिलं, मग मला हळू बोलायला सांगितलं.

रवि. १७ जाने.

शिसारी आली आहे, पण लिहितो.

रा.सा.च्या गच्चीवर, वाळवणाच्या बांबूला, बरोबर साडेपाचला निशाण लावलं. वारा नव्हता, लोंबत राहिलं. डॉक्टर म्हणाले बरंच आहे, रस्त्यावरून दिसत नाही. गीताचं पहिलं कडवं झालं. रा.सा.च्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी, ते नाटक नव्हतं, हे लिहून ठेवलं पाहिजे. दुसऱ्या कडव्याला खाली टांगा वाजला आणि गीत तिथेच थांबलं. बापूराव त्यांच्या त्या देहानिशी बांबूवर असे झेपावले की धोतर सुटायचंच राहिलं. टांगा मंडपवाल्याचा होता, खुर्च्या आणल्या होत्या त्याने. घड्याळात पाच बावन्न. म्हणजे कबूल केलेला अर्धा ताससुद्धा नाही.

पुन्हा लावू या, असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

मग त्या कापडाचं करायचं काय? रा.सा. म्हणाले, घरात सुना-नातवंडं आहेत. बापूराव म्हणाले, सनद जाईल. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात साहेबांच्या मडमा येतात. जाळून टाका म्हणण्याचीही कुणाची छाती नव्हती. घडी या हातातून त्या हातात फिरत माझ्यापाशी आली. मला शाळेची नोकरी, पेन्शनीला तीन वर्षं. मी म्हणालो, "धुवायला म्हणून नरसय्याकडे ठेवू."

वा, सगळे म्हणाले. गोपाळरावांना बरोबर सुचतं.

साडेसहाला डेप्युटीसाहेबांनी तिळगूळ खाल्ला आणि आमच्या संयमाची तारीफ केली. देशाला अशाच माणसांची गरज आहे म्हणाले. ते मी कार्यवृत्तात घेतलं.

सोम. १८ जाने.

निशाण नेऊन दिलं. नरसय्याने उलगडून उजेडात धरलं. "मळलंच न्हाई की, मास्तर. काय धुवू?"

"अर्धाच तास लावायचं होतं. राहू दे थोडे दिवस तुझ्याकडे."

समजला तो. मागाच्या खड्ड्यात कोनाडा आहे, तिथे ठेवलं आणि म्हणाला, "मागाल तवा देतो."

बुध. २७ जाने.

काल गावात मिरवणूक निघाली, लाठ्या चालल्या. आज सकाळपासून साखर पेठेत झडत्या. नरसय्याच्या खड्ड्यातून निशाण निघालं. ते विणलंही त्यानेच, हे पक्कं करायला फौजदाराने एका सूतव्यापाऱ्याला दोन पिवळे दोरे दाखवले, त्याने विणणाऱ्याचं नाव सांगितलं. नरसय्याला नेलं. मी तेव्हा शाळेत नद्यांची नावं पाठ करून घेत होतो.

दुपारी लक्ष्मव्वा परसात आली. रडत नव्हती. सौ.ला म्हणाली, "फौजदार इच्यारत हुता, कुनी करायला सांगितलं. ह्येंनी नाव घेतलं न्हाई. मला म्हनले, मास्तर येतील. त्येंचं त्येच सांगतील."

मी माजघरात होतो. सगळं ऐकलं आणि बाहेर आलो नाही.

गुरु. २८ जाने.

तातडीची बैठक. सुरुवातच वही मिटून. सगळ्यांचे चेहरे पांढरे. डॉक्टर दोनदा म्हणाले, त्याने नाव घेतलं नाही ना? नक्की ना? माणूस कसा आहे, कुठे ठेवलाय, हे कुणी विचारलं नाही.

मी म्हणालो, "सभेने मागवलं होतं असं कळवलं तर?" हळू म्हणालो, पण म्हणालो. बापूरावांनी वकिली नजरेने पाहिलं. "कुठे नोंद आहे?"

नाही नोंद. बारा वर्षं मी ती नसण्याचीच तर काळजी घेतली.

मग वही उघडली. ठराव : सदर इसमास दया दाखवावी म्हणून सभेने अर्ज करावा, मसुदा चिटणिसांनी करावा. केला. '...सदर इसम गरीब, अडाणी व दिशाभूल झालेला असून, सभेचा सदर निशाणाशी यत्किंचितही संबंध नसता केवळ भूतदयेने...' 'दिशाभूल' माझा शब्द. बापूरावांनी मान डोलावली. अक्षर सुरेख आहे माझं, नेहमीच म्हणतात.

रवि. ३१ जाने.

रा.सा.कडे एकटा गेलो. तुळशीला पाणी घालत होते. बसा म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले.

"गोपाळराव, तुम्ही मला भ्याड समजता. समजा. दोन वर्षांपूर्वी गावात गोरी पलटण होती तेव्हा तुमच्या धाकट्या भावाला कुणी सोडवलं? सहा दिवस त्या साहेबाच्या पडवीत उभा होतो मी. बसासुद्धा म्हणाला नाही मला. तुमचे जहाल तेव्हा कुठे होते? तुरुंगात. तुरुंगात बसून कुणाचा भाऊ सोडवता येत नाही."

खरं आहे. त्या सहा दिवसांत आई जेवली नव्हती. सातव्या दिवशी भाऊ घरी आला तेव्हा मी रा.सा.चे पाय धरले होते, आणि मनापासून धरले होते.

"देश एकदम तापवला की उतू जातो, भाजतात ती आपलीच माणसं," ते म्हणाले. "माझ्या अर्जांनी नळ आले, मुलींची शाळा आली, पटकीची लस आली. एका निशाणापायी मी आत गेलो तर उद्या अर्ज कोण करणार? त्या नरसय्यासाठी तरी कोण करणार?"

उत्तर सुचलं ते परत येताना, पेठेच्या कोपऱ्यावर, नेहमीसारखं उशिरा. ते पडवीत उभे राहिले कारण भाऊ त्यांच्या चिटणिसाचा होता. नरसय्या त्यांचा कोण? मंद आचेवर देश शिजवायला माझी हरकत नाही, पण सरपण दर वेळी साखर पेठेतून का आणायचं? हे तिथे तोंडावर बोललो असतो तर काही अर्थ होता. इथे लिहून काय.

मंगळ. २ फेब्रु.

सौ. रोज लक्ष्मव्वेच्या घरी भाकरी पाठवते. मला विचारत नाही. आज जेवताना मी बापूरावांची नक्कल केली, बांबूवर झेप घेतलेली. पूर्वी हसायची.

"बारा वर्षं घरी येऊन त्यांना नावं ठेवता," ती म्हणाली. "त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय? ते भितात ते चारचौघांत भितात. तुम्ही घरी येऊन शूर होता."

आमटी गार झाली होती. खाल्ली.

सोम. ८ फेब्रु.

बापूरावांनी परवानगी काढली, कच्च्या कैदेत नरसय्याला भेटलो. काम एवढंच की माफीपत्रावर त्याचा अंगठा घ्यायचा. शाई मी घरून नेली होती. त्याची दाढी वाढलीय, खांदा उतरल्यासारखा वाटला. विचारलं तर म्हणाला, काही न्हाई.

"वाचून दावा."

वाचलं.

"दिशाभूल म्हंजी?"

"म्हणजे... कुणीतरी तुला चुकीच्या वाटेला लावलं."

"कुनी?"

मी कागदाकडे पाहत राहिलो. त्याने अंगठा मुठीत घेतला, बास.

"माझी वाट चुकली न्हाई, मास्तर. तुमी अर्धा तास लावनार हुता, ते मला ठावं न्हवतं. मी धा वर्सं टिकंल असं विनलंय."

रागाने म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. मग माग कसा आहे ते विचारलं. ताणा तसाच लावलेला आहे, उंदरं लागतील, लक्ष्मव्वेला झाकून ठेवायला सांगा म्हणाला. सांगितलं येऊन. तिने कधीच झाकला होता.

शनि. १३ फेब्रु.

समन्स. मॅजिस्ट्रेटनी आमचा दयेचा अर्ज वाचला आणि त्यातलं 'यत्किंचितही संबंध नसता' हे त्यांना शपथेवर हवंय. चिटणिसाने बुधवारी कार्यवृत्ताच्या वहीसह हजर व्हावं. जो वाक्प्रयोग मी इतका घोटून लिहिला तोच अंगावर आला.

सभेत आनंद. नुसता उपचार आहे, बापूराव म्हणाले. सभा मोकळी होईल. नरसय्याचं काय? माफी मागत नाही तर सहा महिने तरी लागतील, त्याला आपण काय करणार. रा.सा.नी निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला खोटं बोलावं लागणारच नाही, गोपाळराव. वहीत काही नाहीच. फक्त उघडून दाखवायची."

किती स्वच्छ. बारा वर्षांची तपश्चर्या फळाला आली.

रवि. १४ फेब्रु.

ही वही ३ जाने.पासून वाचली. ठरलं कधी, कुणी, कुणाकडे दिलं, परत कुणी नेऊन ठेवलं, सगळं आहे. गावात दुसरीकडे कुठेही नाही. माझ्या नुसत्या शब्दाला बापूराव दोन प्रश्नांत उलटा करतील. ही वही उलटणार नाही.

पण ही दिली तर? नोकरी त्याच दिवशी. पेन्शन नाही. सभा बंद, रा.सा. आत, सत्तराव्या वर्षी. भावाचं प्रकरण पुन्हा उकरतील. उन्हाळ्याचं जादा पाणी तर विसराच, आणि ते पाणी नरसय्याच्या गल्लीलाही मिळणार होतं, हेही खरं. बापूरावांच्या धोतराला सगळं कोर्ट हसेल. मग माझ्याकडे पाहील. कारण प्रत्येक पानावर मी आहे, आणि प्रत्येक पानावर गप्प आहे किंवा हसतोय. बारा वर्षं ज्यांचा तिरस्कार केला त्यांच्यात सगळ्यात हुशार मीच निघालो, धुवायला ठेवण्याचं मला सुचलं.

तीन ठिकाणी खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. पाणी प्यायलो.

बुध. १७ फेब्रु.

कोर्टाचा व्हरांडा. नंबर यायचाय. हात रिकामा राहीना म्हणून लिहितोय.

निघताना सौ.ने पिशवी दिली. सभेची वही मी ठेवली होती. ही तिने ठेवली, वरच. आज नरसय्याने विणलेलं हिरवं लुगडं नेसली होती. टांगेवाल्या रसूलभाईने विचारलं, "मास्तरसाब, कोरट में काय काम?" सही करायची आहे म्हणालो.

समोरच्या बाकावर रा.सा., पागोटं नीट बांधलेलं. मला पाहून मान हलवली. माणूस वाईट नाही. वाईट असता तर आज किती सोपं गेलं असतं. बापूराव शेजारी पान जमवतायत. डॉक्टरांना ऐन वेळी तातडीचा रुग्ण निघाला.

लिंबाच्या झाडाखाली लक्ष्मव्वा बसलीय. आत्ता नरसय्याला आणलं, हाताला बेड्या. त्याने मला पाहिलं. थांबला, तर शिपायाने ढकललं. तरी मान वळवून तिला म्हणाला, मराठीतच म्हणाला, मला ऐकू यावं म्हणून की काय, "म्हनलं न्हवतं? आले मास्तर."

ती उठून उभी राहिली. माझ्याकडे पाहून हात जोडले तिने. दोघांनाही वाटतंय की मी सांगायला आलोय.

रा.सा. बाकावरून वाकून म्हणाले, "हे काय लिहिताय? मिटा आता. पुकारा होईल."

झाला. माझंच नाव. शाई ओली आहे, आत्ता मिटली तर पान